मयताच्या बायकोची किंकाळी

त्यांना सगळे 'मयत' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तेही ओ देत. माणूस धडधाकट, पंचाहत्तरीला टेकलेला, पण टोपणनाव एकदा चिकटलं की चिकटलं. तिशीत ते टीव्हीच्या स्टुडिओत सुतार होते. तिथे एक गुन्हेगारी मालिका व्हायची, दर आठवड्याला एक खून. मुडद्यासाठी वेगळा नट कोण आणणार? एक दिवस दिग्दर्शकाने यांना रंधा खाली ठेवायला लावला, अंगावर कुणाचा तरी कोट चढवला आणि म्हणाला, "पड." हे असे पडले, की मिनिटभर पाठ हलली नाही. झालं! तेव्हापासून मालिकेत कुणीही मरो, शेठ मरो की शिपाई, पालथं पडलेलं प्रेत यांचंच. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. हेही पुढे दिग्दर्शकाला भीत नसत.

लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. बायको त्याच स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची. एका भागात प्रेत पाहून किंचाळायची वेळ आली आणि नटीचा घसा बसलेला. ती नुसतीच तोंड उघडणार, मग आवाज कुणाचा? दिग्दर्शकाने शिवणाच्या खोलीतून यांच्या बायकोला बोलावून कॅमेऱ्याच्या मागे उभं केलं. तिने ओठांत धरलेल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या, जमिनीवर पडलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि अशी किंचाळली, की दिवे लावणारा शिडीवरून धावत खाली आला. "सहा महिन्यांचं साठलं होतं," असं ती नंतर चाळीस वर्षं सांगायची आणि स्वतःच हसायची.

ती जाऊन तीन वर्षं झाली. पहिली दोन त्यांनी कशीबशी काढली. तिसऱ्या वर्षी मात्र त्यांना भीती वाटायला लागली. तिची वाक्यं आठवत, आवाज आठवेना. 'चष्मा डोक्यावरच आहे' हे शब्द मनात यायचे, पण यांच्याच घोगऱ्या आवाजात. फोटो ढीगभर होते. आवाज कुठेच नव्हता, कारण फोनवर निरोप बोलून ठेवायचा तिला तिटकारा. तसं करताना भिंतीशी बोलतोय असं वाटतं म्हणायची.

अशात एक दिवस सूनबाई दुपारी कामावरून आली ती ओरडतच. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. सकाळभर सुया टोचते आणि दुपारी घरी येते.

"बाबा, तुमची मयतं सापडली! कुणीतरी जुन्या टेपवरून सगळी मालिका इंटरनेटवर चढवलीय."

त्यांचा चहाचा कप हातातच राहिला. "सगळी?"

"बावन्नातले एकोणपन्नास भाग. आईंची किंकाळी कितव्या भागात होती?"

"मला काय ठाऊक? मी मेलेलो होतो."

मग रोज जेवण झालं की एक भाग. सूनबाई पडदे ओढायची, खोलीत फिकट पिवळा उजेड उरायचा, आणि त्या उजेडात काळा-पांढरा पाऊस पडल्यासारखी ती मालिका सुरू व्हायची. हेर काय बोलतोय याकडे यांचं लक्षच नसे. ते दरवाजे बघत. एकच दरवाजा चार वेळा रंगवून त्यांनी कधी वकिलाचं ऑफिस केलं होतं, कधी दवाखाना. त्या दरवाज्यांमागे तेव्हा काहीच नसायचं, नुसता भुसा आणि टेकू दिलेल्या फळ्या. आता बघता बघता डोळा लागला, की ते एखाद्या दरवाज्यातून आत जात, आणि आत खरोखर खोली असे, शिवणाचं मशीन चालू असे, आणि ती मान खाली घालून कॉलर उलटवत असे. ते हाक मारत. ती वर बघून बोलायला तोंड उघडे, आणि जाग येई. अशा दुपारी त्यांना रडू यायचं. ते लपवतही नसत.

चाळीस भाग झाले. चौतीस वेळा ते मेले, एकदा तर मेल्यावर पायाचा अंगठा खाजवताना सूनबाईने त्यांना पकडलं. किंकाळ्याही झाल्या, पण त्या नट्यांच्या. जीव टांगणीला लागला. न सापडलेल्या तीन भागांतच ती असली तर?

"आज हा माझा हेडफोन लावा," एक्केचाळिसाव्या भागाला सूनबाई म्हणाली. "जुना आवाज आहे, नीट ऐकू येईल."

अर्ध्या भागातच दरवाजा उघडला. जमिनीवर हे पालथे. नटीने तोंड उघडलं, आणि किंकाळी आली. त्यांनी ती लगेच ओळखली, पण काळजात काही हललं नाही. किंकाळी म्हणजे किंकाळी. तिच्यात बाई होती, बायको नव्हती. एवढ्यासाठी एक्केचाळीस दुपारी घालवल्या! ते हेडफोन काढणार, इतक्यात मागचं संगीत वर चढायच्या आधी, कॅमेरा अजून प्रेतावरच असताना, अगदी हळू, कुजबुजत कुणीतरी बोललं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ते कापायचं राहून गेलं होतं. त्या काळच्या टीव्हीवर ते कुणाच्या बापाला ऐकू आलं नसतं.

"अहो, उठा आता. फरशी गार आहे."

तोच आवाज. शेवटचं अक्षर किंचित लांबवणारा, निम्मा दटावणारा. त्यांना ती फरशी आठवली, गालाला लागलेली. ती खरंच तसं म्हणाली होती, आणि हे गप्प राहिले होते. कॅमेरा चालू असताना मुडद्याने बोलायचं नसतं.

सूनबाईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून भाग थांबवला. "सापडल्या? पुन्हा लावू का, बाबा?"

"थांब जरा," ते म्हणाले. "आधी उत्तर देऊ दे तिला."

आणि थांबलेल्या चित्राकडे बघत, रोजच्या बोलण्यात बोलावं तसं म्हणाले, "उठतो गं. तू हो पुढे, मी आलोच."