मामाच्या मुठीतलं चित्र

आमच्या शाळेतला एक किस्सा सांगायला घ्यावा, तर दुसरा मागनं ढकलतोच.

शाळा कोल्हापुरातली, ऑटिझमच्या मुलांची. मी तिथला शिपाई, सगळ्यांचा मामा. मी शाळा शिकलो नाही, पण इथलं वेळापत्रक मला वाचता येतं. ते चित्रांचं आहे. काम संपलं की मूल त्याचं चित्र भिंतीवरनं काढून ‘झालं’च्या पिशवीत टाकतं.

सानिका आठ वर्षांची, कागलची. बोलत नाही. काही हवं झालं की आईचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. आई एकदा म्हणाली, “मामा, तिला माझा हात लागतो. मी लागती का न्हाय, कळत न्हाय.”

*

एकदा भिंत पुसून चित्रं परत लावताना डब्याचं चित्र प्रार्थनेच्या वर गेलं. वर्गाच्या बाई हात जोडून उभ्या, आणि सानिका डबा उघडून बसलेली. “चुकलं माझं, बदलतो,” म्हणालो.

“आता नको मामा. चित्रात हाय म्हंजे हाय,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी सगळ्या वर्गानं आधी डबा खाल्ला. प्रार्थना इतकी शांत कधी झाली नव्हती.

*

सानिकाला दूध मागता यावं म्हणून बाईंनी कार्ड केलं, त्यावर काचेचा ग्लास. सानिका ढुंकून बघेना.

आई म्हणाली, “आमच्यात म्हशी हायत, बाई. तिचं दूध चरवीत असतंय.”

चरवीचा फोटो लावला. दुसऱ्या दिवशी दहा वेळा ते कार्ड बाईंच्या हातात. दूध संपलं म्हणून बाईंनी कार्डावर लाल फुली मारली. सानिकानं कार्ड नीट बघितलं आणि माझं पुसायचं फडकं आणून बाईंना दिलं.

*

मी गोळ्या विसरतो, म्हणून बाईंनी मलाही चित्रांची पट्टी करून दिली. गोळी, चालणं, जेवण, झोप.

कारभारणीनं ती वरनं खाली बघितली. “ह्यात मी कुठं हाय? जेवान काय चित्रातनं पडणार?”

बाई हसल्या आणि जेवणाच्या वर तिचा फोटो चिकटवला. त्यावरनंच त्यांनी मुलांच्या घरच्या माणसांची कार्डं केली. सानिकाच्या आईचंही केलं. दोन महिने सानिकानं त्याला बोट लावलं नाही. आई रोज न्यायला आली की आधी भिंतीकडं बघायची, मग लेकीकडं.

*

एके दिवशी हायवेवर सानिकाच्या आईची एसटी अडकली. बाकीची पोरं घरी गेली. मी आणि सानिका पायरीवर.

ती उठली, आत गेली, आईचं कार्ड काढून आणलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“येतीया बाळ. बस अडकलीया.”

तिनं माझी बोटं एकेक करून कार्डावर मिटवली. मूठ सोडेना. अर्धा तास आम्ही तसेच.

आई धापा टाकत आली. “मामा, बस...”

मी मूठ उघडली.

“हे काय?”

“मघाधरनं मागतीया. माझ्याकडं न्हवतं द्यायला.”

आई पायरीवरच बसली.

सानिकानं माझ्या हातातलं कार्ड घेतलं, आत जाऊन ‘झालं’च्या पिशवीत टाकलं आणि बसचं चित्र आणून आईच्या हातात दिलं.