मामाजी, मासोळ्या आणि क्रीम

बंगालच्या उपसागरातल्या मासोळ्यांना अख्ख्या नागपुरात एकच नातेवाईक आहे, आणि ते म्हणजे आमच्या हिचे मोठे मामा. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या या गृहस्थांनी धरणं, तलाव, कालवे सगळं पाहिलं. समुद्र तेवढा राहून गेला. एकदा तरी त्यात गळ्यापर्यंत उभं राहायचं, ही त्यांची तरुणपणापासूनची हौस. म्हणूनच की काय, डुंबणाऱ्यांच्या अंगावरचं सनस्क्रीन पाण्यात सुटतं आणि मासे, शिंपले, डॉल्फिन यांच्या शरीरात जाऊन बसतं, हे पेपरात वाचल्यापासून त्यांना घरातलंच कोणी आजारी असल्यासारखं झालं.

आता नागपूर म्हणजे कुठल्याही समुद्रापासून लांबच. पण मामाजींना हे अंतर मान्य नाही. आमची मुलगी कॉलेजला निघताना क्रीम लावत होती, तर त्यांनी तिला बेसिनपाशी उभी करून भूगोल शिकवला. "तू इथं तोंड धुशीन. ते पाणी नाग नदीत, तिथून कन्हान, मंग वैनगंगा, मंग गोदावरी, की थेट समुद्रात. तिथं ती मासोळी काय गोरी होऊन राहिली का वं?" क्रीमला त्यांचा पर्याय एकच, नागपुरी दुपट्टा. डोळे सोडून बाकी सगळं गुंडाळायचं. कोणी गोव्याला निघालं असं कानावर आलं की मामाजी पांढरा दुपट्टा घेऊन त्यांच्या दारात हजर. समोरच्या घरातलं नवं जोडपं भिडेखातर तो बांधून किनाऱ्यावर गेलं, तर दरोडेखोर समजून नारळपाणीवाला गाडी सोडून पळाला. मामाजींनी हा किस्सा स्वतःचा विजय म्हणून कॉलनीभर सांगितला.

आणि अशा माणसालाच ऊन बाधायला लागलं. अंगावर चट्टे उठले, आणि डॉक्टरांनी बजावलं की उन्हात जायचं तर अंगभर क्रीम लावायचं, कपड्यांच्या आतूनसुद्धा. मामाजींनी दिवसा बाहेर पडणंच सोडलं. नेमकं त्याच वेळी एका भाचीचं लग्न विशाखापट्टणला ठरलं. मामींनी अट घातली, क्रीम लावाल तर समुद्र, नाही तर घर. "मासोळ्यांचं तुमी पाहा, तुमच्या कातडीचं मी पाहून राहिली." समुद्रापायी मामाजी नमले आणि त्यांनी शब्द दिला.

लग्न आटोपलं. संध्याकाळच्या गाडीआधी दुपार तेवढी मोकळी होती. मामींनी वड्यांच्या ताटाला तेल लावावं तसं त्यांना टाळूपासून टाचेपर्यंत चोपडलं, वरून दुपट्टा गुंडाळला. माझ्या अंगावर अर्थातच क्रीमचा थेंब नव्हता. मामाजींनी नागपूर स्टेशनवरच माझी बॅग तपासली होती. ते वाळू तुडवत भराभरा निघाले आणि ओली वाळू लागताच थांबले. लाट जवळ आली की मागे सरकू लागले.

"चला ना मामाजी," मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या समुद्रात तुमच्या एकट्याच्या क्रीमनं काय होते?"

"सगळे असंच म्हणून राहिले ना, जावईबापू."

दुपट्ट्यातून नुसते डोळे दिसत होते, आणि ते पाण्यावरून हलत नव्हते. "तिले शब्द देल्ला हाय, तं पुसता येत नाही. आन् हे घेऊन आत जाता येत नाही. तुमी जा. माझ्या वाटचं भिजून या."

मी गळ्यापर्यंत गेलो. काठावरून ते ओरडून विचारत होते, पायाखालची वाळू सरकते का, पाणी गरम आहे का थंड. लाटांच्या आवाजात माझं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्या पाण्यात मला फार वाईट वाटलं. बाहेर आलो तेव्हा त्यांनी आपल्या खांद्यावरचा कोरडा टॉवेल तेवढा पुढे केला.

गाडी सुटल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "हं, आता सांगा." दुसऱ्या सकाळी बल्लारशा येईपर्यंत मी त्यांना समुद्र सांगत होतो.