नानांच्या तळघरातली ओल

जळगावच्या उन्हाला कंटाळून जमिनीखाली गेलेला आणि तिथे पाण्यात सापडलेला माणूस माझ्या माहितीत एकच, आमचे घरमालक नाना. केळीच्या व्यापारातून अंग काढून घेतल्यावर त्यांनी घराखाली तळघर बांधलं. उन्हाळ्याच्या दुपारी खाली खाट टाकून पडायचं, एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा उरली होती. पूजा झाली, पेढे वाटले आणि आठवड्याभरात भिंतीतून पाणी झिरपू लागलं.

नानांपुढे ‘गळतंय’ हा शब्द काढायची सोय नव्हती. “भिंतीला घाम येतो,” असं ते म्हणत. आणि जळगावात घाम येण्यात कुणाला काय चूक काढता येणार? त्यांनी भिंतीला नाना तऱ्हेचे लेप दिले, तिच्यासमोर टेबल फॅन ठेवला, खाटेखाली विटा लावल्या. विटा वाढत गेल्या, तसं उठून बसताना डोकं छताला लागू लागलं. मी म्हटलं, “नळाचा पाइप फुटला असेल.” नाना शांतपणे म्हणाले, “नळाचं पाणी रोज कुठे येतं?”

अखेर गवंड्याने खणून पाहिलं. शेजारी एकट्या राहणाऱ्या अक्कांच्या हौदाला तडा गेला होता. मी त्यांना सांगायला निघालो, तर नानांनी दंड धरला.

“मुकाट्याने बस. म्हातारी हौद फोडायला घेईल. ऐन उन्हाळ्यात पाणी कुठे साठवेल?”

“मग तुम्हीच दुरुस्त करून द्या.”

“म्हणजे तिला कळेलच ना, आपल्यामुळे नानाचं तळघर बुडालं!”

त्या दिवसापासून नाना रोज सकाळी तळघरातलं पाणी उपसून अक्कांच्या झाडांना नेऊन घालू लागले. “आमच्याकडे जास्त झालंय,” एवढंच सांगत. स्वतःचंच पाणी परत मिळाल्याबद्दल अक्का त्यांना आग्रहाने चहा पाजत. “नाना, तुमनं पाणी भारी शे! मोगरा कसा फुलना, देखा!” नाना विनयाने मान डोलावत. बादल्या उचलून त्यांची कंबर धरली, पण तोंडातून अवाक्षर निघालं नाही. चहा मात्र दिवसेंदिवस लांबत गेला. पुढे पुढे तर ते जेवायच्या वेळेलाच घरी परतत.

गेल्या हिवाळ्यात लेक अक्कांना कायमची सुरतला घेऊन गेली. हौद रिकामा झाला आणि भिंत हळूहळू कोरडी ठणठणीत पडली. मी खाटेखालच्या विटा काढून दिल्या. यंदाच्या मे महिन्यात खाली काय गारवा होता! मी तर रोज दुपारी ताणून देत होतो. नाना मात्र वर ओट्यावर, पंच्याने वारा घेत बसलेले.

“खाली चला ना, नाना.”

“तू जा,” शेजारच्या बंद फाटकाकडे बघत ते म्हणाले. “मला खाली करमत नाही.”