अज्ञानाचा भार आईवर नको

डॉ. सुमतीबाईंना मी प्रथम पाहिले ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, सांगलीच्या एका वैद्यकीय बैठकीत. बाहेरून आलेले एक नामांकित पाहुणे स्किझोफ्रेनियाच्या एका तरुण रुग्णाविषयी बोलत होते. आईच्या कोरड्या वागणुकीने मुलाचे मन दुभंगले, असा निर्वाळा त्यांनी दिला. ती आई तेथेच भिंतीशी उभी होती. सभागृहाने माना डोलावल्या. सुमतीबाई तेवढ्या उठल्या आणि म्हणाल्या, "पुरावा सांगा, नाहीतर विधान मागे घ्या." पाहुण्यांनी विधान मागे घेतले नाही आणि बाई खाली बसल्या नाहीत. त्या सभागृहात विज्ञान कळणारी व्यक्ती एकच होती, हे माझे मत आजही बदललेले नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्यांचा साहाय्यक झालो.

मेंदूत डोपामीन या द्रव्याचा निरोप स्वीकारणाऱ्या जागांना आम्ही ग्राहके म्हणतो. या आजारावरची गुणकारी औषधे नेमकी त्यांनाच अडवतात, हे तेव्हा नुकते उमगले होते. रुग्णांच्या मेंदूत ग्राहके अधिक असावीत, असेही बोलले जाऊ लागले होते. बैठकीतल्या त्या मुलावर पुढे बाईंनीच उपचार सुरू केले. त्याचे वडील निवृत्त सुभेदार, आता उसाचे बागायतदार. बाईंनी त्यांना शेतातला दाखला दिला: पाटाला पाणी तेवढेच, पण पाटातून सरीत पाणी सोडणारी मातीची दारे जास्त फुटली की सरी तुंबते, गोळ्या ती दारे बुजवतात. सुभेदारांना पटले. मुलगा सावरला, मळ्यात येऊ लागला, आणि वडिलांनी गोळ्या थांबवल्या. रानात वाफसा आल्यावर, म्हणजे माती हवी तेवढी ओली झाल्यावर, कोणी पाण्याची दारे धरीत बसत नाही, ही त्यांची समजूत.

आजार उलटला. सुभेदारांना आता त्या पाहुण्यांचे शब्द आठवले आणि पत्नीला म्हसवडला, माहेरी, कायमचे धाडायचे ठरले. हे कळताच बाई मला घेऊन थेट मळ्यात गेल्या. चूक आपल्या दाखल्याची आहे, गोळ्या चालूच ठेवायच्या असतात हे आपण बजावायला हवे होते, असे त्यांनी आधी सांगून टाकले. सुभेदार खोऱ्यावर रेलून म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. आवं डॉक्टरीणबाई, ही दारं जास्ती पाडली कुनी? हिनंच न्हवं?"

हा जन्मतः मेंदूचाच दोष आहे, असे ठणकावले असते तर वाद तेथेच मिटला असता. परंतु मृत्यूनंतर ज्या रुग्णांचे मेंदू तपासले गेले, त्यांतील बहुतेकांनी वर्षानुवर्षे औषधे घेतली होती. ग्राहके औषधांमुळेच वाढली असण्याची शक्यता उरत होती. एका घराचा संसार पणाला लागला असतानाही बाईंनी ती शक्यता दडवली नाही.

"कोणी पाडली ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "अजून कोणालाच ठाऊक नाही. पण ठाऊक नाही म्हणून हिच्या माथी मारायचं, हे मी चालू देणार नाही."

सुभेदारांनी खोरे उचलून पायाजवळचे एक दार बुजवले. मग बांधावर बोचके घेऊन उभ्या असलेल्या पत्नीला म्हणाले, "जा गं घरला. पोराला गोळी दे."

'आता सारे सिद्ध झाले' असे छातीठोक लिहून देण्याचा आग्रह पुढे बाईंना अनेकांनी केला. त्यांनी लिहिले नाही. पदे ज्यांनी लिहिले त्यांना मिळाली. ते छातीठोक लेखन आज कोणी वाचत नाही.

आईला बोल लावणारे तज्ज्ञ मात्र अजून आहेत. पंचाहत्तरी गाठलेल्या सुमतीबाईंना निकोप शतायुष्य लाभो, आणि त्या सर्वांना त्या पुरून उरोत.