बाबांची साखर आणि माझा स्वयंपाक

घरचं जेवण आरोग्याला चांगलं असतं, हे मी प्रयोगानं सिद्ध केलेलं आहे. प्रयोग बाबांवर केला. बाबा सुखरूप आहेत.

वडनेरला शेतात चक्कर आली म्हणून बाबांना मी वर्ध्याला माझ्याकडे आणलं. तपासलं तर रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "बाहेरचं बंद. घरचं साधं जेवण द्या. महिन्याभरात साखर उतरली नाही, तर इंजेक्शन सुरू करावं लागेल." ज्या माणसानं एकदा पायात घुसलेला काटा विळ्याच्या टोकानं स्वतःच काढला होता, तो सुईचं नाव ऐकून खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाला. बाहेर येताच म्हणाले, "सुई टोचाची असन तं मले आजच वडनेरच्या येष्टीत बसवून दे."

आता बाबांनी स्वतः चौथीत शाळा सोडली आणि मला बी.एस्सी. केलं. आमच्या अख्ख्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ते उपकार फेडायची वेळ आली आहे, असं माझ्या मनानं घेतलं आणि मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

"अहो, मी करते ना," माझी बायको सुषमा म्हणाली. "तेल जरा कमी घालीन."

"तेल कमी नाही घालायचं. घालायचंच नाही," मी म्हणालो. (सुषमा शाळेत इतिहास शिकवते. माझा विषय रसायनशास्त्र. तिला काय समजावणार?)

तेलामागून मीठ गेलं, मिठामागून तिखट. रोज उकडलेलं कारलं, दुधीचा रस आणि मेथीदाण्यांचं पिठलं. हे शेवटचं माझं स्वतःचं संशोधन होतं. पहिल्या दिवशी बाबा ताटाकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे काय होय?"

"पिठलं आहे बाबा. मेथीदाण्यांचं."

"बरं. मले वाटलं पोस्टरं चिकटवाचे हायेत."

पण त्यांनी तक्रार केली नाही. दोन-चार दिवसांनी तर म्हणाले, "माह्यं ताट खोलीतच देत जाजो. आरामानं जेवतो." ताट परत यायचं ते घासल्यासारखं स्वच्छ. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याच सुमारास त्यांच्या खिडकीखाली एक गाय येऊन उभी राहू लागली. शेतकरी माणूस जनावराला ओळखू येतो, असं मी कौतुकानं सुषमाला सांगितलं. आठवड्याभरात गायीनं गल्ली बदलली. मग खिडकीतल्या कुंडीतली जास्वंद एकाएकी फोफावली. मी म्हटलं, घरातली हवाच निरोगी झाली.

शिवाय बाबा रोज संध्याकाळी चालायला जाऊ लागले. रेल्वे फाटकाच्या पलीकडे जायचे आणि अंधार पडता पडता ढेकर देत परतायचे.

"बाबा, आत्ता ढेकर कशाची?"

"तुह्याच जेवनाची. हळूहळू पचून राह्यलं."

महिन्यानं तपासणी झाली. साखर उतरली होती, सुई टळली. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि साखरेच्या रुग्णांच्या मेळाव्यात 'घरचं जेवण' या विषयावर बोलायला बोलावलं. संध्याकाळची वेळ होती. मी नवीन शर्ट घातला, लोकांना चाखायला मेथीदाण्यांच्या पिठल्याचा मोठा डबा घेतला आणि बाबांना पुराव्यासारखं पहिल्या रांगेत सुषमाशेजारी बसवलं.

गळ्यात हार पडला, भाषण चांगलं झालं. पिठलं फिरलं तेव्हा टाळ्या जरा ओसरल्या, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी बाबांसमोर माईक धरला. "बाबा, लोकांना सांगा, रोज काय जेवता?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "भाकर," ते म्हणाले. "अंबाडीची भाजी. जवसाची चटणी. वरतून ताक."

मी चाट पडलो. यातलं काहीच मी कधी रांधलं नव्हतं. साखरेनं माणसाला भास होतात का, हे डॉक्टरांना विचारणार, तोच दारातून हाक आली.

"काका! आज जेवाले आले नाई तुमी. तुमची सून फोनवर म्हणे इकडं हायेत, म्हणून डबा घेऊन आली."

ही मुक्ताताई. वडनेरची लेक, रेल्वे फाटकापलीकडे दिलेली. बाबा महिनाभर रोज चालत तिच्या घरी जेवायला जात होते. आणि माझी बायको मुक्ताताईला पत्ता सांगत होती!

सभागृह हसण्यात बुडालं. मी सुषमाकडे वळलो. "तुला माहीत होतं? मग तू काय जेवत होतीस?"

"शाळेत खिचडी असते ना मुलांची," ती शांतपणे म्हणाली.

बाबा मात्र हसले नाहीत. माझा हात धरून हळूच म्हणाले, "तू येवढा जीव लावून करत होता. तुले नाई कसं म्हणू, बापू?"

डॉक्टरांनी समारोप केला. घरच्याच जेवणानं साखर उतरली, त्यामुळे मेळाव्याचा विषय बरोबर होता. फक्त घर दुसरं निघालं. मग त्यांनी मुक्ताताईला मंचावर बोलावलं आणि माझ्या गळ्यातला हार तिला घातला.

स्वयंपाकघर मी त्याच रात्री सुषमाच्या हवाली केलं. पण एक हिशेब राहिला होता. त्या महिन्यात माझा स्वयंपाक मनापासून, पोटभर आणि दोन्ही वेळा खाणारा माणूस घरात एकच होता. पोट इतकं बिघडलं, की शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि चष्म्यावरून रागानं माझ्याकडे बघितलं.

"चांगले शिकलेले दिसता," ते म्हणाले. "मग बाहेरचं इतकं कशाला खाता?"