दगडाकाकीनं नाव घेतलं

आमच्या दगडाकाकीनं उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं. तेही लग्नात नाही की डोहाळजेवणात नाही. घेतलं ते परभणीच्या एका धर्मार्थ दवाखान्यात, परक्या पुरुषांसमोर, पायाला पट्टी आणि पोट सुयांनी सुजलेलं असताना.

लग्नाच्या वेळी उंबऱ्यावर बायकांनी तिला अडवली होती. "नाव घे, मगच आत ये," असं सगळ्या म्हणाल्या आणि काकी जी गप्प झाली ती झालीच. पंगती खोळंबल्या, वरण गार झालं. शेवटी आमच्या आजीनंच कंटाळून सुनेला आत ओढून घेतलं. काकी मुखदुर्बळ होती असं मात्र कुणी समजू नये. पोखर्णीच्या आमच्या शेतातून तिनं बैलाला हाक मारली तर शेजारच्या शिवारातले बैल थांबायचे. फक्त नवऱ्याचं नाव तेवढं तोंडातून निघत नसे. ते घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईनं सांगितलेलं, आणि काकाचं आयुष्य कमी करायची तिची मुळीच तयारी नव्हती. उखाण्यात घेतलेलं चालतं, पण उखाणाही बायकांत, हळदीकुंकवाला घ्यायचा. आणि तोही तिला जमत नसे.

त्या वर्षी तुरी काढताना तिच्या पायात घोट्याजवळ तुरीचा खुंट घुसला. निजामाचं राज्य होतं, एवढं सांगते, सालाचं मला विचारू नका. हळद भरली, पाला बांधला, पण पाय काही ऐकेना. मग काकानं बैलगाडी जुंपली आणि तिला परभणीला आणलं. दवाखान्याच्या खिडकीशी बायकोचं नाव, स्वतःचं नाव, गाव, सगळं नीट सांगितलं आणि रानातली तूर राखायला तो उलट पावली परत गेला. बायकांच्या खोलीत पुरुष माणसाला थांबू देत नसत, त्यामुळे थांबून तरी काय करणार होता?

त्याच दिवशी चुडाव्याहून आगगाडीनं आणखी एक बाई आली. तिच्या पायालाही घोट्याजवळ पट्टी. तिचंही नाव दगडाबाई. यात नवल काही नाही. आधीची मुलं दगावली की पुढच्या लेकीला दगडाबाई नाहीतर कडूबाई म्हणायचं, म्हणजे मरणाची नजर तिच्यावर पडत नाही, अशी आपल्याकडची समजूत. एका खोलीत दोनच दगडाबाया निघाल्या हे कमीच म्हणायचं. या दुसरीला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि तिला रोज पोटात सुई द्यायची, असं डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहायला सांगितलं होतं. ते औषध हैदराबादहून रेल्वेनं यायचं आणि दवाखान्यात एका माणसापुरतंही जेमतेम असायचं.

दवाखान्याचे मुन्शी अप्पाराव दोन्ही कागद घेऊन आत आले. दाराजवळची पहिली खाट काकीची. "दगडाबाई, लिंबाजीची बायको, पायाला जखम. तूच का?" अप्पारावांनी विचारलं.

आता नाही म्हणावं तर "मग नवऱ्याचं नाव काय?" हे आलंच. आणि परक्या लिंबाजीची बायको म्हणवून घेताना काकीला अशी लाज वाटली की तिनं तोंडावर पदर ओढला आणि मान खाली घातली. मान खाली गेली म्हणजे हो, असा अप्पारावांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यांनी कुत्र्याचा कागद तिच्या खाटेला बांधला आणि उरलेला दुसरीच्या.

दुसऱ्या दिवसापासून काकीच्या पोटात सुया सुरू झाल्या. पाय दुखतोय आणि सुई पोटात का, हे तिला कळेना. पण शहाण्यासुरत्या लोकांचं औषध आहे, पोटातून पायात उतरत असेल, असं तिनं मनाशी ठरवलं आणि दात खाऊन पडून राहिली. डॉक्टर दिनकरराव रोज सकाळी येत. फार सज्जन माणूस. बायकांच्या खोलीत नजर वर करायची नाही हा त्यांचा नेम. खाटेपासून दोन हात लांब उभे राहायचे, कागद वाचायचे, "बरं आहे ना, बाई?" म्हणायचे आणि पुढे जायचे. पट्ट्या नर्सबाई बांधायच्या आणि कागदात लिहिलं तसं करायच्या.

असे चार दिवस गेले. चौथी सुई झाली त्या दुपारी दोघी भाकरी खात होत्या. काकीनं सहज विचारलं, "तुला कशानं लागलं गं?"

"कुत्रं चावलं, बाई. पिसाळल्यालं व्हतं. गोठ्यात शिरलं, माझा पाय धरला. गावातल्या लोकांनी मारलं मंग त्याला."

"मंग तुला सुया लय दुखायल्या असतील?"

"मला कुठं सुया? मलम लावायलेत निस्तं. लय भलं औषध हाय."

काकीच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं माझे बाई," ती म्हणाली, "तुझ्या सुया माझ्या पोटात जायल्यात!"

काकीच्या माहेरी एक माणूस पिसाळलेलं कुत्रं चावून मेला होता. पाण्याचा तांब्या बघून तो कसा किंचाळायचा ते तिनं लहानपणी ऐकलं होतं, आणि ते ती कधीच विसरली नव्हती. समोर बसलेली ही बाई तिच्याहून लहान. घरी अंगावर पिणारं लेकरू ठेवून आलेली. काकीला सुयांपेक्षा जास्त काही टोचलं असेल तर हे. तिनं लंगडत जाऊन नर्सबाईंना गाठलं. नर्सबाई म्हणाल्या, कागदात जे आहे ते मी करते, मुन्शींना विचार. अप्पाराव म्हणाले, "कागद झूट बोलत नाही, बाई. विचारलं तेव्हा तूच मान हलवलीस."

"मी मान हलीवली न्हाई, खाली घातली. मी पोखर्णीची हाय."

"पोखर्णी तुझं माहेर असेल. कागदावर चुडावा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले तेव्हा काकी खाटेवर न बसता वाटेत उभीच राहिली. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चुडावेकरणीला विचारलं, तर तिनं एव्हाना सुयांचं वर्णन ऐकलं होतं. घोंगडीत तोंड खुपसून ती म्हणाली, "मला न्हाई कुत्रं-बित्रं चावलं. तुरीचा खुंट लागला!"

"खुंट लागला म्हनं!" काकी ओरडली. "खुंट माझा हाय, बाई! मरशील ना!"

खोलीतल्या बायका हसायला लागल्या. डॉक्टर गोंधळले. बाहेर रोगी ताटकळले होते. "बाई," ते नजर खालीच ठेवून म्हणाले, "तुमच्या मालकांचं नाव सांगा, म्हणजे कागदाशी ताडून पाहू."

झालं. इतका वेळ घडाघडा बोलणारी काकी मुकी झाली. उंबऱ्यावर झाली होती तशीच. मग तिनं बोटं ओठांशी आडवी धरून नाचवली आणि म्हणाली, "देवाचं नाव हाय. ह्ये वाजीवतो त्या देवाचं."

"किसन?" एक बाई म्हणाली. "गोपाळ?" दुसरी म्हणाली. काकीनं नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा बोटं नाचवली. "मुरलीधर!" अप्पाराव मोठ्या खुशीत म्हणाले. "साहेब, दोन्ही कागद मीच लिहिलेत. मुरलीधर कुठल्याच कागदावर नाही. बाई सुयांना भिऊन थापा मारतेय, दुसरं काही नाही."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "बरं, यांच्या मालकांना निरोप धाडा. ते आले की बघू." आणि ते दाराकडे वळले.

निरोप कुणाला जाणार, तर कागदावरच्या चुडाव्याच्या लिंबाजीला. तो कधी येणार आणि तोवर ही बाई किती दिवस मलम लावून घेणार? काकीनं एकदा घोंगडीकडे पाहिलं. काकाच्या आयुष्याचं काय व्हायचं ते होवो, गावचा नरसिंह बघून घेईल, असं तिनं मनात म्हटलं. हे तिनंच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि बैलाला हाक मारायची तसल्या आवाजात नाव घेतलं:

"पोखर्णीच्या नरसिंहाला जोडते दोन्ही कर,
कुत्रं चावलं हिला, माझे मालक बन्सीधर!"

आधी सगळी खोली हसली. अप्पारावसुद्धा हसले. हसले नाहीत ते फक्त डॉक्टर. ते परत आले, चुडावेकरणीच्या खाटेचा कागद सोडून त्यांनी वाचला. दगडाबाई, बन्सीधरची बायको, पोखर्णी, तुरीच्या खुंटाची जखम. मग त्यांनी आपला नेम मोडला. खाली बसले, घोंगडीतला पाय बाहेर घेतला आणि पट्टी स्वतःच्या हातानं सोडली. दातांचे व्रण तिथं स्पष्ट होते. कुणालाही दिसले असते, पण तिथं बघितलं होतं कुणी?

अप्पाराव हळूच म्हणाले, "साहेब, मी दोन्ही कागद फाडतो आणि नवीन करतो. कुणाला कळायचंही नाही."

"फाडायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. मग लिहा की चार दिवस चुकीच्या बाईला सुया दिल्या, आणि डॉक्टरनं जखम न बघता कागद बघितला. खाली मी सही करतो. तुम्ही विचारायला चुकलात, पण बघणं माझं काम होतं." मग काकीकडे वळून ते म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

एवढा शिकलेला माणूस आपल्याला असं म्हणतो याचं काकीला अप्रूप वाटलं, पण ती पाघळली नाही. "लिव्हलंय ते वाचून दावा," ती म्हणाली. अप्पारावांनी उर्दूतला तो मजकूर मराठीत वाचून दाखवला. रेघ मारलेलासुद्धा.

उरलेलं औषध त्याच सकाळपासून चुडावेकरणीला सुरू झालं आणि आणखी मागवायला हैदराबादला तार गेली. ते दुसऱ्या-तिसऱ्या गाडीनं आलं. ती बाई सुई बघितली की पाय झाडायची. तेव्हा काकी तिचे दोन्ही हात धरून बसायची आणि दटावायची, "मी चार खाल्ल्या तुझ्यापायी, गप ऱ्हा." पुढे काही दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला होता, पण तिला काही झालं नाही. ती पाणी प्यायली, भाकरी खाल्ली, चुडाव्याला जाऊन लेकरू पाजलं. काकीचा पायही मलम मिळाल्यावर आठवड्याभरात भरला. "आता मला कुत्रं चावलं तर कुत्रंच मरंल," असं ती पुढे कैक वर्षं सांगायची.

काका न्यायला आला त्याच्या आधीच बातमी गावात पोहोचली होती. परतीच्या वाटेवर त्यानं बैल मुद्दाम हळू हाकले. "काय म्हनलीस तू तिथं? एकदा म्हन की परत."

"परत न्हाई."

"त्या मुन्शीनं ऐकलं, डाक्टरनं ऐकलं, म्या तेवढं ऐकायचं न्हाई व्हय?"

काकीनं तोंड फिरवलं. पण ती हसत होती, असं काका सांगायचा. आणि त्याचं आयुष्यही काही कमी झालं नाही. चांगला म्हातारा होऊन गेला.

त्यानंतर पोखर्णीत एक नवीनच रीत पडली. कुठल्याही बाईला परभणीच्या दवाखान्यात जायचं असलं की ती काकीला सोबत न्यायची. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला काकीला कसलीच आडकाठी नव्हती. ती खिडकीशी उभी राहून खणखणीत आवाजात नाव सांगायची, गाव सांगायची, काय दुखतंय ते सांगायची, आणि लिहून झालं की "वाचून दावा" म्हणायची. गावातल्या नवऱ्यांना आपलं नाव एवढ्या मोठ्यानं घेतलेलं कधी ऐकायला मिळत नसे. त्यामुळे काहीजण उगाच खिडकीच्या आसपास घुटमळायचे. डॉक्टर दिनकररावही त्यानंतर पट्टी सोडल्याशिवाय कागदाला हात लावत नसत.

चुडावेकरीण दरवर्षी नरसिंहाच्या जत्रेला आमच्याकडे उतरायची. एका वर्षी ती आली तेव्हा काकी हिवतापानं फणफणली होती. मी बाळंतपण आटोपून माहेरीच होते. काका, चुडावेकरीण आणि मी, असे आम्ही तिला गाडीत घालून परभणीला नेलं. काका रीतीप्रमाणे बाहेर थांबला, काकीला आम्ही आत खाटेवर निजवलं. अप्पाराव आता म्हातारे झाले होते, डोळ्यांवर जाड चष्मा आला होता. काकीला त्यांनी ओळखलं, पण तरी दौतीत टाक बुडवून रीतसर विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

सगळ्या गावाची नावं घेणाऱ्या काकीनं तापातही पदर तोंडावर ओढला आणि मान खाली घातली.

"बन्सीधर," शेजारून चुडावेकरीण म्हणाली. एवढ्या मोठ्यानं की बाहेर काकाला ऐकू गेलं. "गाव पोखर्णी. हिवताप हाय. कुत्रं चावल्यालं न्हाई. लिव्हा. आन् वाचून दावा."

अप्पारावांनी लिहिलं आणि बोट ठेवून शब्द न् शब्द वाचून दाखवला. चुडावेकरणीनं तो कागद त्यांच्या हातातून घेतला, खाटेला स्वतः बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली. तेव्हा कुठं काकीनं डोळे मिटले आणि ती शांत झोपली.