डाव्या हाताचे दिवस

त्या वर्षी जानेवारीत माझा उजवा हात मोडला आणि पुढचा दीड महिना मी डाव्या हातानं जगले. ते दिवस आजही मला धुक्यातून पाहावेत तसे आठवतात. काही ठळक, काही पुसट, आणि सगळ्यांवर गॅलरीतल्या हिवाळी उन्हाचा पिवळसर रंग.

मी दिंडोरीजवळच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये काम करते. तोडणीचा हंगाम सुरू झाला की बागांमधून घड येतात. त्यांचा रस काढायचा, गोडी पाहायची, आंबटपणा पाहायचा आणि द्राक्षं वेलीवर अजून थोडी राहू द्यायची की लगेच तोडायची ते सांगायचं. नाशिकहून स्कूटीवर जाते-येते. त्या सकाळी धुकं बरंच होतं आणि एका वळणावर बारीक खडी सांडलेली होती. स्कूटी कधी घसरली ते कळलंच नाही. कळलं ते एवढंच, की मी रस्त्याच्या कडेला बसले आहे आणि समोरच्या बागेतल्या वेलींच्या रांगा संथपणे गोल फिरताहेत. बागेत कामाला आलेल्या दोन बाया धावत आल्या. "ताई, उठू नका, बसा जरा. हात लय सुजलाय," एक म्हणाली. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, माझ्या हाताला त्याची झोळी केली आणि कुणीतरी गाडी घेऊन येईपर्यंत माझ्या पाठीवर तळवा ठेवून उभी राहिली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी लॅबमधल्या मैत्रिणीनं मला घरी आणून सोडलं. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, बाहेर नुसती बोटांची टोकं. मैत्रिणीला परत कामावर जायचं होतं. "वर येऊ का?" तिनं विचारलं. "जाईन गं मी," मी म्हटलं. हे 'जाईन गं मी' माझ्या तोंडात इतकं बसलेलं होतं, की ते म्हणताना विचारही करावा लागत नसे. वर गेले आणि दाराशी अडले. आमच्या दाराचं कुलूप जरा हट्टी आहे. एका हातानं दार ओढून धरायचं आणि दुसऱ्या हातानं किल्ली फिरवायची, तेव्हा ते उघडतं. मी खांद्यानं दार रेटून पाहिलं, गुडघा लावून पाहिला. किल्ली खाली पडली. ती उचलायला वाकले तर डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी पायरीवर बसून राहिले.

समोरचं दार उघडलं. समोर राहणाऱ्या बाईंना आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे खाला म्हणतात. साठीच्या आतबाहेर असतील. घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवतात, आणि त्यांच्या मिस्टरांचं जुन्या नाशकात मसाल्याचं दुकान आहे. तोवर आमची ओळख वाटीपुरती होती. बुद्धपौर्णिमेला माझ्याकडून खिरीची वाटी जायची, ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याची यायची. मधल्या काळात जिन्यात भेटलो तर हसायचं.

खालांच्या गळ्यात मोजमापाची टेप तशीच होती. त्यांनी मला पाहिलं, हात पाहिला, किल्ली उचलली. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. "घरात कोण आहे तुझ्या?" एवढंच म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, "कोण नाही. चल, आधी माझ्याकडे जेव, मग झोप."

पहिले काही दिवस गोळ्यांच्या गुंगीत गेले. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि बसल्याजागी झोप लागायची. समोरून खालांच्या शिलाई मशीनचा आवाज यायचा, कधी धावता, कधी थबकता, आणि त्या आवाजावर मी तरंगत असायची. एकदा स्वप्न पडलं. दिंडोरीच्या सगळ्या बागा पाण्याखाली होत्या आणि पाणी इतकं स्वच्छ, की तळाचे घड आतून दिवे लावल्यासारखे दिसत होते. मी वेलींच्या रांगांमधून चालत होते. पलीकडच्या रांगेत माझी आई होती, लॅबमधली मैत्रीण होती, रुमालवाली बाई होती. सगळ्या आपापल्या कामात. कुणी मला शोधत नव्हतं आणि मी हरवलेलीही नव्हते. जाग आली तेव्हा मांडीवर ऊन होतं, आणि कितीतरी वर्षांनी मला दुपारी उठल्यावर उदास वाटलं नाही.

उदास वाटायची सवय का लागली होती तेही सांगायला हवं. माझ्या आयुष्यात एक माणूस होता. सहा-सात वर्षं आम्ही या शहरात बरोबर हिंडलो. गंगापूर धरणाच्या बाजूला कितीतरी संध्याकाळी काढल्या. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि वर्षभरात घरच्यांनी पसंत केलेल्या मुलीशी त्यानं लग्न केलं. भांडण झालं नाही. त्यानं समोर बसून सांगितलं, मी ऐकलं आणि म्हटलं, "ठीक आहे." त्यानंतर मी घर नीट ठेवत होते, काम चोख करत होते, फक्त जेवायला बसत नव्हते. ओट्यापाशी उभी राहून कढईतूनच खायची. एकटीसाठी कुठे ताट वाढायचं! हे मला वाईट वाटत नव्हतं, विचित्रही वाटत नव्हतं. ताट हे दुसऱ्या माणसासाठी वाढतात अशी माझी समजूतच होती.

आता उभ्यानं खाणं जमेना. डाव्या हातात चमचा धरला की वरण-भात तोंडापर्यंत येईतो अर्धा सांडायचा. लहानपणी आईनं डाव्या हातानं खाल्लं म्हणून कितीदा हातावर चापटी मारली होती, त्यामुळे तो हातही बिचारा जेवणापाशी आला की संकोचायचा. पहिल्या दिवशी मी चिडले, चमचा आपटला. मग भूक लागली होती म्हणून पुन्हा उचलला. गॅलरीत पाट मांडला, मांडी घातली, ताट पुढ्यात घेतलं. लॅबमध्ये एखादी नवी मुलगी रुजू झाली की तिचे हात थरथरतात, काचेची नळी धरता येत नाही. तेव्हा मी तिच्याशी जसं बोलते तसंच माझ्या तोंडून निघालं, "हळू. घाई नाहीये. सांडू दे, पुसू नंतर."

आणि मी थांबलेच. माझ्या लक्षात आलं, या आवाजात मी स्वतःशी कधीच बोलले नव्हते. स्वतःशी बोलायचा माझा आवाज वेगळा होता. 'आवर लवकर', 'काय वेंधळेपणा', 'झालं का तुझं' असा. हा आवाज माझ्याकडे होता, चांगला होता, तो मी दुसऱ्यांना देऊन टाकत होते. त्या दिवशीचं जेवण फार वेळ चाललं. भात गार झाला, तरी मी शेवटच्या शितापर्यंत बसले. त्यानंतर रोज ताट वाढलं. लोणच्याची फोड कडेला, कांदा, लिंबू. डाव्या हातानं लिंबू पिळता येत नाही, तेव्हा ते दातांनी धरून पिळायला शिकले आणि एकटीच खो खो हसले.

एका सकाळी खाला ड्रेस घेऊन आल्या. प्लास्टरवरून चढावा म्हणून एक बाही कापून त्यांनी तिथे बंद लावले होते. अंगात घालता घालता त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"केस कधी धुतलेस बेटा?"

"जमत नाही खाला. बरा होऊ दे हात, मग धुईन."

"तोवर उवांना भाड्यानं देणार का घर?" त्या म्हणाल्या आणि बाथरूममध्ये स्टूल ठेवून मोकळ्या झाल्या.

प्लास्टरवर पिशवी बांधली. मी डोकं मागे टाकून बसले. कोमट पाण्याचा पहिला तांब्या टाळूवर आला, मग त्यांची बोटं. सुई टोचून टोचून खरखरीत झालेली ती बोटं केसांच्या मुळांतून कानामागे, मानेपर्यंत जात होती. वाफेनं आरसा धुरकटला, पाण्याचा आवाज दुरून यावा तसा वाटू लागला. मला कळायच्या आत डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. किती वर्षांत माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता! माया, स्पर्श, हे सगळं एका माणसाबरोबर घरात आलं होतं आणि त्याच्याबरोबरच निघून गेलं, असं मी धरून चालले होते.

"साबण गेला का डोळ्यांत?" खालांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांना कळलंच असणार. नंतरचे तांबे त्यांनी जरा जास्तच हळू ओतले.

महिना होत आला तेव्हा निफाडजवळच्या आमच्या गावाहून आई आली. वडिलांच्या तब्येतीमुळे तिला आधी निघता आलं नव्हतं, त्याची तिला खंत होती, आणि त्या खंतीतूनच ती एक स्थळ घेऊन आली होती. ओझरच्या कारखान्यात नोकरीला असलेले, पत्नी वारलेली, शाळेत जाणारी एक मुलगी.

"हात मोडला तेव्हा पाणी द्यायला कुणी नव्हतं तुला," आई म्हणाली. "माझ्या जिवाला काय वाटलं असेल?"

"होतं ना आई. खाला होत्या. मैत्रीण रोज ऑफिस सुटल्यावर भाजी आणून देत होती."

"शेजार तो शेजार. आपलं माणूस वेगळं."

तेवढ्यात खालाच आल्या, हातात तेलाची वाटी. आईला पाहून त्यांनी पदर सावरला, आणि ओळख वगैरे बाजूला ठेवून थेट विचारलं, "हिच्या केसांना लहानपणी कुठलं तेल लावत होतात? फार सुंदर केस आहेत पोरीचे, पण आता कोरडे पडलेत."

"जास्वंदीचं," आई म्हणाली. " घरी उकळायची मी." त्यापुढे अर्धा तास त्या दोघी माझ्या केसांवर बोलत होत्या, मी तिथे नसल्यासारख्या. मध्येच आईनं वाटी आपल्याकडे ओढली आणि एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं खाला अशी माझी वेणी घातली गेली. मी चाळिशी ओलांडलेली बाई, दोघींच्या मध्ये पाटावर बसून पेंगत होते.

तरी आईचा शब्द मोडवेना, म्हणून त्या गृहस्थांना भेटले. ते घरी चहाला आले. मनानं सरळ वाटले. मी डाव्या हातानं चहा गाळायला लागले तसे ते पटकन उठले.

"राहू द्या, जमतं मला," मी म्हटलं, आणि एक थेंब न सांडता दोन कप भरले. आतून मला इतका आनंद झाला!

आई मुद्दाम खालांकडे जाऊन बसली होती. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "एक विचारू? एकटं वाटत नाही तुम्हाला?"

"वाटतं ना," मी म्हटलं. "संध्याकाळी दिवे लावताना वाटतं. रविवारी वाटतं. पण पूर्वी त्याची भीती वाटायची, ती आता तेवढी नाही. आणि त्या भीतीपोटी मी हो म्हटलं, तर तुमच्या घरात मी भीतीच घेऊन येईन. तुमच्या लेकीला त्याचा काय उपयोग?"

ते हसले. सुटल्यासारखे हसले. "खरं सांगू? मीसुद्धा माझ्या आईसाठीच आलोय." मग आम्ही त्यांच्या मुलीबद्दल बोललो. ती केस कापायला तयार होत नाही आणि त्यांना वेणी घालता येत नाही. मी त्यांना सुतळीचे तीन पदर खुर्चीला बांधून वेणी शिकवली, एका हातानं दाखवून आणि तोंडानं सांगून. जाताना ते आईच्या पाया पडले. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली. तिसऱ्या दिवशी परत निघताना खालांना म्हणाली, "लक्ष असू द्या." आणि मला म्हणाली, "जेवत जा." एवढंच. पण एसटी सुटेपर्यंत तिनं खिडकीतून माझी डावी बोटं धरून ठेवली होती.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून निघालेला हात मला ओळखूच आला नाही. काटकुळा, फिकट, कातडी सुकलेली. डॉक्टर म्हणाले, भरेल हळूहळू. घरी येऊन मी आईनं जाण्याआधी उकळून ठेवलेलं तेल घेतलं आणि डाव्या हातानं उजव्याला लावत बसले, मनगटापासून कोपरापर्यंत, पुन्हा मनगटापर्यंत. बाहेर उजेड उतरत होता. दिवे लावायला उठावंसं वाटत नव्हतं. हातात हात धरून बसले होते, दोन्ही माझेच.

उन्हाळा लागायच्या आधी एका पहाटे मी खालांना त्रिरश्मीच्या बुद्धलेण्यांवर घेऊन गेले. त्यांचा सगळा जन्म नाशकात गेला, पण त्या कधी वर चढल्या नव्हत्या. "तिथं काय करतात?" त्यांनी विचारलं होतं. "काही नाही. गार असतं. बसायचं," मी म्हटलं. पायऱ्या चढताना त्या दर वळणाला थांबत होत्या, कमरेवर हात ठेवून, माझ्या नावानं लटकं बडबडत. वर पोचलो तेव्हा शहरावर अजून धुरकट निळा पडदा होता. रस्त्यावरच्या गाड्या आवाज न करता सरकत होत्या. आम्ही एका लेण्यात गेलो. आतला दगड रात्रीचा गारवा धरून होता. मी वंदन केलं. खाला दाराशी उभ्या राहून आतली शांतता ऐकत होत्या. मग आत येऊन भिंतीला टेकून बसल्या, चप्पल बाजूला नीट जोडीनं ठेवून.

"इथं झोप छान येईल," त्या कुजबुजल्या.

"झोपा मग."

"वेडी," त्या म्हणाल्या. पण थोड्या वेळानं त्यांचं डोकं खरंच माझ्या खांद्यावर आलं, उजव्या. हात अजून पुरता भरला नव्हता, जरा दुखला. मी हलले नाही. दारातून उन्हाची एक पट्टी आत येऊन जमिनीवर लांबत होती, आणि बाहेर कुठेतरी एक माकडीण पिल्लाला हाका मारत होती.